अमेरिकेच्या इमिग्रेशन यंत्रणेचं आयटी काम: छोट्या कंपनीने शिरायचं कुठून

अमेरिकेत स्वतःची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, खासगी ग्राहकांची कामं नीट चालली आहेत आणि आता सरकारी कामाकडे वळायचंय, अशांसाठी हा लेख आहे. सरकारी काम म्हणजे इथे एकच: इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या यूएससीआयएस या संस्थेची जुनी संगणक यंत्रणा बदलण्याचं काम. त्याची कंत्राटं सतत निघत असतात, पण नवखे बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून शिरतात. त्यांच्या प्रस्तावात क्लाउड, मायक्रोसर्व्हिसेस, एआय असं सगळं असतं. फक्त अर्ज कसा पुढे सरकतो हे नसतं. या कामाचं खरं एकक म्हणजे फॉर्म. एक फॉर्म पावतीपासून निकालापर्यंत ज्याला कळतो, त्याचं म्हणणं मूल्यमापन करणारे कान देऊन ऐकतात.

सगळ्यात आधी माणसं मोजा

नोंदणी, दर, प्रस्ताव हे सगळं नंतर. यूएससीआयएस ज्यात येते त्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या खरेदी नियमांमध्ये कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्यांबद्दल एक कलम आहे, क्रमांक ३०५२.२०४-७१. आयटी कामांच्या करारांत त्याचा जो पर्यायी मजकूर घालतात, त्यानुसार अमेरिकी नागरिक नसलेल्या माणसाला खात्याच्या आयटी यंत्रणेत प्रवेश मिळत नाही. ती विकसित करणं, चालवणं, तिची देखभाल करणं यातही त्याला हातभार लावता येत नाही. सूट मिळण्याची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर प्रस्ताव उभा करू नये. म्हणजे एच-१बी वरचा तुमचा सर्वांत हुशार आर्किटेक्ट या कामाला चालणार नाही, ग्रीन कार्डवालाही धरून चालू नका. पुण्यात किंवा हैदराबादेत बसलेल्या टीमचा तर प्रश्नच नाही. रात्रीतून तिकडे थोडं कोडिंग करून घेऊ, हा विचार मनात येत असेल तर इथेच थांबा. तो कराराचा भंग ठरतो आणि कंपनीला सरकारी कामातून बाद करायला तेवढं पुरेसं असतं.

नागरिक असूनही प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासणी होते. मागच्या ५ वर्षांपैकी किमान ३ वर्षं अमेरिकेत वास्तव्य असावं, अशी अट बहुतेक करारांत असते. तपासणीचा प्राथमिक हिरवा कंदील मिळायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात आणि तोवर त्या माणसाला ना लॅपटॉप मिळतो ना ओळखपत्र. ६ जणांची टीम हवी असेल तर ८ ते ९ जणांचे कागद पाठवावेत, कारण वाट बघून कंटाळलेले एक-दोघं दुसरीकडे नोकरी धरतातच. जुनी कर्जं थकलेली असणं, करविवरण न भरणं, फॉर्ममध्ये परदेश प्रवास लिहायचा राहणं ही अडकण्याची नेहमीची कारणं. त्यांपैकी शेवटचं सर्वांत टाळता येण्याजोगं आहे.

कोणतं खातं काय करतं

इमिग्रेशन सांभाळणारी जुनी आयएनएस ही संस्था १ मार्च २००३ रोजी मोडली आणि तिचं काम तिघांत वाटलं गेलं. अर्जांचे निकाल यूएससीआयएसकडे, सीमा आणि विमानतळ सीबीपीकडे, अंमलबजावणी आयसीईकडे. व्हिसा परराष्ट्र खातं देतं, इमिग्रेशनची न्यायालयं न्याय खात्यात येतात आणि परदेशी कामगारांचा पहिला कागद कामगार खात्यात दाखल होतो. एका एच-१बी कर्मचाऱ्याचंच उदाहरण घ्या. एलसीए हा पहिला कागद कामगार खात्याकडे, आय-१२९ हा अर्ज यूएससीआयएसकडे, पासपोर्टवरचा व्हिसा परराष्ट्र खात्याकडे आणि आय-९४ ही प्रवेशाची नोंद सीबीपीकडे. यूएससीआयएसच्या यंत्रणेत काहीही बदललं तरी या बाकीच्यांशी होणारी देवाणघेवाण तुटता कामा नये. वेळापत्रकं कोसळतात ती बहुधा याच सांध्यांवर, कारण समोरच्या खात्याला तुमची घाई नसते.

यूएससीआयएसचं मुख्यालय मेरीलँडमधल्या कॅम्प स्प्रिंग्जला आहे, पण कंत्राटं निघतात व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनच्या कार्यालयातून. त्यांच्या करारक्रमांकाची सुरुवात ७०एसबीयूआर अशी होते. यूएसएस्पेंडिंग या सरकारी संकेतस्थळावर तेवढं टाकून शोधलंत, की कोणत्या कंपनीला किती रक्कम मिळाली आणि करार कधी संपतोय हे फुकटात दिसतं. बाजाराचे अहवाल विकत घेण्याआधी ही एक संध्याकाळ खर्ची घाला.

पैशाचं गणितही वेगळं आहे. या संस्थेचा सुमारे ९५ टक्के खर्च अर्जदारांच्या फीमधून चालतो. त्यामुळे काँग्रेसमध्ये अंदाजपत्रक अडलं आणि सरकार ठप्प झालं, तरी इथली बरीचशी कामं चालू राहतात. कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का हे तपासणारी ई-व्हेरिफाय सेवा हा त्यातला ठळक अपवाद. उलट अर्ज घटले की तिजोरी लगेच रिकामी होते. २०२० मध्ये साथीमुळे फी आटली तेव्हा १३,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवण्याची वेळ आली होती. ऑगस्टमध्ये ती टळली ती मोठी काटकसर करून, आणि त्या काटकसरीत कंत्राटांची व्याप्तीही कमी झाली. ज्या कंपनीची सगळी मिळकत एका करारावर उभी आहे, तिने हे वर्ष लक्षात ठेवावं.

मागे काय फसलं, ते वाचूनच पुढे जा

मूल्यमापन समितीतल्या बऱ्याच जणांनी हा इतिहास अंगावर झेललेला असतो, म्हणून तो ठाऊक असणं गरजेचं आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये संपूर्ण कायापालटाचं काम आयबीएमला दिलं गेलं. सगळे पर्यायी कालावधी धरून त्याची रक्कम सुमारे ४९.१ कोटी डॉलर होती. आराखडा एकदाच, सविस्तर आधी करायचा आणि मग बांधायचं, अशी त्याची पद्धत होती. त्यातून उभी राहिलेली एलिस ही यंत्रणा मे २०१२ मध्ये मुक्काम वाढवण्याच्या किंवा व्हिसाचा दर्जा बदलण्याच्या आय-५३९ या एका फॉर्मनिशी सुरू झाली. आत २९ तयार सॉफ्टवेअर उत्पादनं एकमेकांना जोडलेली होती. एकाची आवृत्ती बदलली की दुसरं रुसायचं, त्यामुळे साधा बदलही महागात पडायचा.

२०१२ पासून दिशा बदलली. कामाचे लहान तुकडे, अनेक कंत्राटदार, खुल्या स्रोताची साधनं, सार्वजनिक क्लाउड. पहिली एलिस बाजूला ठेवून दुसरी बांधायला घेतली. तोवर किंमत मोजून झाली होती. २०११ च्या आराखड्यात आयुष्यभराचा खर्च सुमारे २१० कोटी डॉलर आणि काम पूर्ण होण्याची तारीख जून २०१४ धरली होती. २०१५ च्या सुधारित आराखड्यात ते आकडे ३१० कोटी आणि मार्च २०१९ असे झाले.

पण पद्धत बदलल्याने सगळं सुरळीत झालं नाही, आणि नवख्याने शिकावं असं इथेच आहे. एप्रिल २०१६ मध्ये नागरिकत्वाचा एन-४०० हा फॉर्म नव्या एलिसमध्ये आणला. ऑगस्टमध्ये नवे अर्ज पुन्हा जुन्या यंत्रणेकडे वळवावे लागले. पार्श्वभूमी तपासणीत त्रुटी राहत होत्या, आणि जानेवारी २०१७ मध्ये खात्याच्या महानिरीक्षकांनी तातडीची सूचना काढून सांगितलं की हा फॉर्म इतक्यात परत आणू नका. त्याच कार्यालयाच्या नोव्हेंबर २०१६ च्या अहवालात आणखी एक आकडा आहे: किमान १९,००० ग्रीन कार्डं चुकीच्या माहितीची किंवा दुबार निघालेली. कोड दर दोन आठवड्यांनी प्रसिद्ध होतोय म्हणून कामकाज तयार आहे असं होत नाही. चुकीचं कार्ड छापून टपालात गेलं, की ते परत मागवायला कुठलंही बटण नसतं.

एक फॉर्म निवडा आणि तो पाठ करा

सुरुवातीला आय-९० चांगला. ग्रीन कार्ड हरवलं, खराब झालं किंवा मुदत संपली की हा भरतात. मुलाखत सहसा नसते, वाटा मोजक्या असतात. एन-४०० कडे नंतर वळा, कारण त्यात मुलाखत, परीक्षा, शपथविधी असे माणसांच्या वेळेशी बांधलेले टप्पे येतात. अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागण्याच्या आय-४८५ ने सुरुवात करू नये, तो दहा फॉर्मच्या गुंत्यात अडकलेला आहे.

निवडलेल्या फॉर्मचा प्रवास मोठ्या कागदावर काढा. अर्ज ऑनलाइन आला की कागदावर? कागदावर आला तर तो लॉकबॉक्स नावाच्या केंद्रात जातो, तिथे फी तपासली जाते, माहिती नोंदवली जाते आणि मग पावती क्रमांक तयार होतो. पुढे अर्जदाराची जुनी फाइल शोधायची, म्हणजे ए-नंबर (त्या व्यक्तीचा इमिग्रेशन फाइल क्रमांक) जुळवायचा. मग बोटांचे ठसे आणि फोटो, एफबीआयसह इतर ठिकाणच्या तपासण्या, अधिकाऱ्याकडे वाटप, लागल्यास आणखी पुरावे मागवणं, निकाल, कार्ड छपाई, टपाल. प्रत्येक टप्प्यापुढे तीन गोष्टी लिहा: माहिती कुठल्या यंत्रणेतून येते, चुकली तर कोण सुधारतं, आणि टप्पा अडला तर अर्ज कुठे पडून राहतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक प्रस्तावांत नसतं.

ए-नंबर जुळवणं हा सगळ्यांत अवघड भाग. एकाच माणसाचं नाव तीन फॉर्मवर तीन प्रकारे लिहिलेलं असतं. आडनाव नसलेली माणसं असतात, जन्मतारखेत दिवस-महिना उलटलेला असतो, लग्नानंतर नाव बदललेलं असतं. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको: वडिलांचं नाव मधल्या रकान्यात गेलं की पहिल्या नावाला चिकटलं, यावर सगळं अवलंबून असतं. दोन माणसं एक समजली गेली तर एकाची माहिती दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाते. एक माणूस दोन समजला गेला तर कार्डं दोन निघतात. प्रस्तावात या एका मुद्द्यावर अर्धं पान खर्च केलंत तरी वाया जाणार नाही. शंकास्पद जुळणी यंत्राने ठरवायची नाही, माणसाच्या रांगेत टाकायची, आणि त्या रांगेची लांबी रोज मोजायची.

आता तंत्रज्ञांना सहसा ठाऊक नसलेला अडथळा. सरकारी फॉर्मवरचा प्रश्न तुम्हाला परस्पर बदलता येत नाही. पेपरवर्क रिडक्शन कायद्यानुसार जनतेकडून माहिती मागवणाऱ्या प्रत्येक फॉर्मला व्हाइट हाउसच्या अंदाजपत्रक कार्यालयाची, म्हणजे ओएमबीची मंजुरी आणि क्रमांक लागतो. त्यात ठोस बदल करायचा तर आधी ६० दिवसांची आणि मग ३० दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागते, लोकांचे अभिप्राय घ्यावे लागतात. ऑनलाइन फॉर्मलाही हेच लागू. ‘वापरणाऱ्यांना प्रश्न ७ कळत नाही, पुढच्या स्प्रिंटमध्ये शब्द बदलू’ असं प्रात्यक्षिकात म्हणालात, की समोरच्यांना कळतं की तुम्ही नवे आहात. प्रश्नाचा मजकूर तोच ठेवून त्याची मांडणी, क्रम, लपवणं-दाखवणं, मदतीचा मजकूर यांत किती मोकळीक आहे हे आधी संस्थेच्या धोरण विभागाला विचारायचं असतं. आणि फॉर्मच्या आवृत्तीची तारीख बदलते तेव्हा जुन्या आवृत्तीचे अर्धवट भरलेले मसुदे काय करायचे, हे कोडमध्ये पहिल्या दिवसापासून असावं लागतं.

फीचंही तसंच. १ एप्रिल २०२४ पासून एन-४०० ची फी कागदावर ७६० आणि ऑनलाइन ७१० डॉलर झाली. फी नियमातून बदलते, तारीख ठरलेली असते, मध्यरात्री दर फिरतो. त्या रात्री अर्धवट भरलेल्या अर्जाला कोणता दर लावायचा? फी माफीचा अर्ज सोबत असेल तर? या प्रश्नांची चाचणी प्रकरणं प्रस्तावाच्या परिशिष्टात देता आली तर द्या.

गोपनीयतेचा एक कप्पा वेगळा ठेवा. घरगुती हिंसाचार, मानवी तस्करी आणि काही गुन्ह्यांना बळी पडलेल्यांच्या अर्जांना ८ यूएससी १३६७ या कलमाचं विशेष संरक्षण आहे. असा अर्ज अस्तित्वात आहे हेसुद्धा बाहेर कळता कामा नये. तुमची शोधपेटी ‘निकाल सापडला, पण पाहण्याची परवानगी नाही’ असा संदेश दाखवत असेल, तर तिने आधीच फोडलं.

नोंदणी

सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावर कंपनी नोंदवायची. नोंदणी फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या ईमेल लगेच यायला लागतील, त्या पुसून टाका. एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाऐवजी यूईआय हा १२ अक्षरांचा क्रमांक मिळतो. अडतं ते नाव-पत्त्याच्या पडताळणीत: राज्याच्या नोंदीत ‘इन्कॉर्पोरेटेड’ आणि बँकेत ‘इन्क’ असं असेल, किंवा पत्ता म्हणून पोस्टाची पेटी दिली असेल, तर आठवडे जातात. नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते आणि प्रस्ताव देताना ती चालू असावी लागते. नूतनीकरणाची आठवण मुदतीच्या दोन महिने आधीची लावा.

उद्योगाचा संकेतांक ५४१५१२ किंवा ५४१५११ घ्या. दोन्हींत छोट्या उद्योगाची मर्यादा सरासरी वार्षिक उलाढाल ३.४ कोटी डॉलर आहे. त्याशिवाय ८(ए) (सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मालकांची कंपनी), हबझोन (ठरावीक मागास भागातली कंपनी), महिलांच्या किंवा अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या मालकीची कंपनी असे राखीव वर्ग आहेत. पात्र असाल तर प्रमाणपत्र घ्याच. ८(ए) मध्ये मात्र ९ वर्षंच मिळतात, म्हणून सरकारी कामाचा काहीच अनुभव नसताना घाईने शिरून त्यातली पहिली दोन वर्षं वाया घालवू नका. फुकट सल्ल्यासाठी प्रत्येक राज्यात एपेक्स अ‍ॅक्सिलरेटर आहेत. त्यांच्याकडे जायला लाजू नये.

काम कुठे निघतं

मोठी आयटी कामं क्वचितच खुल्या बाजारात येतात. ती आधीच ठरलेल्या कंत्राटी चौकटींवर निघतात आणि चौकटीत नसलेल्याला निविदा दिसतही नाही. सरकारी खरेदी सांभाळणाऱ्या जीएसएचं मल्टिपल अवॉर्ड शेड्यूल (आयटी सेवांचा विभाग ५४१५१एस), ८(ए) स्टार्स ३ यांसारख्या चौकटी आधी समजून घ्या. शेड्यूलसाठी अर्ज कधीही करता येतो, बाकीच्यांची दारं ठरावीक वेळीच उघडतात.

होमलँड सिक्युरिटी खातं पुढच्या खरेद्यांचा अंदाज जाहीर करतं. त्यात अंदाजे रक्कम, कोणत्या तिमाहीत निघेल, कोणत्या चौकटीवर, आधीचा कंत्राटदार कोण, हे असतं. त्यातल्या तारखा हमखास पुढे सरकतात, पण चौकटीचं नाव सहसा टिकतं. खरी माहिती तीच.

पहिलं काम उपकंत्राटदार म्हणूनच घ्या, असं इथे ठामपणे सांगावंसं वाटतं. मुख्य कंत्राट घ्यायला मागच्या सरकारी कामाचे दाखले लागतात आणि ते उपकंत्राटातूनच मिळतात. मुख्य कंपनीशी बोलताना टक्केवारीच्या आश्वासनावर विसंबू नका. ‘किमान २ विकासक आणि १ चाचणी अभियंता, नावांसह’ असं करारात लिहून घ्या. छोट्या उद्योगांसाठी राखीव सेवाकरारात मुख्य कंपनीला सरकारकडून मिळालेल्या रकमेच्या ५० टक्क्यांहून जास्त रक्कम वेगळ्या वर्गातल्या उपकंत्राटदारांना देता येत नाही. तुम्ही त्याच वर्गातले असाल तर तुमचा वाटा त्या मर्यादेत धरला जात नाही. वाटाघाटीत हे वापरा.

प्रस्ताव आणि प्रात्यक्षिक

जाडजूड प्रस्तावांचे दिवस इथे बरेचसे मागे पडलेत. खात्याच्या प्रोक्युअरमेंट इनोव्हेशन लॅबने २०१५ पासून काही वेगळ्या पद्धती रूढ केल्या. पहिल्या फेरीत मागच्या अनुभवाची दोन-चार पानं. त्यावरून मागे पडलेल्यांना ‘पुढे जाण्याने तुमचा फायदा होईलसं वाटत नाही’ असा सल्ला येतो. तो बंधनकारक नसतो, पण मानलेला बरा. दुसऱ्या फेरीत तोंडी सादरीकरण किंवा प्रत्यक्ष कोडिंग. गुणांऐवजी ‘या कंपनीवर किती विश्वास वाटतो’ अशी श्रेणी.

कोडिंगच्या फेरीत दिलेली समस्या छोटी असते आणि वेळ तुटपुंजा. समिती कोडपेक्षा टीम कशी वागते ते पाहते: कोणी प्रश्न विचारले, काम कसं वाटलं, चाचण्या आधी लिहिल्या का, दृष्टिहीन वापरकर्त्याचा विचार झाला का. यंत्रणा अपंगांनाही वापरता यावी ही कलम ५०८ ची सुलभता अट इथे कागदापुरती नसते. खात्याची स्वतःची ट्रस्टेड टेस्टर ही चाचणी पद्धत आहे, तिचं प्रशिक्षण ऑनलाइन फुकट मिळतं. टीममधल्या एकाकडे ते प्रमाणपत्र असू द्या. आणि सादरीकरणाला भाड्याचा वक्ता पाठवू नका. ज्यांची नावं मुख्य कर्मचारी म्हणून दिलीत तीच माणसं बोलली पाहिजेत.

सुरक्षेबद्दल लिहिताना निस्ट या सरकारी मानक संस्थेच्या ८००-५३ मधल्या सुरक्षा नियंत्रणांची यादी उतरवून काढू नये. यंत्रणा चालवण्याचा परवाना, म्हणजे एटीओ, संस्थेकडे आहे. तुमच्या बदलामुळे तो कसा अबाधित राहील हे सांगा: कोणते पुरावे पाइपलाइनमधूनच आपोआप तयार होतात, सापडलेली त्रुटी किती दिवसांत बुजते, कोण सही करतं.

दर कसा काढायचा

तासाचा पगार, त्यावर भत्ते-विमा, कार्यालयीन खर्च, व्यवस्थापनाचा खर्च, नफा. हे सगळं चढून पगाराच्या किती पट दर होतो ते आपल्या हिशेबनिसाकडून काढून घ्या. केवळ समजण्यासाठी: पगार तासाला ७० डॉलर आणि पट १.८ धरली, तर दर १२६ डॉलर. ८ जणांची टीम, प्रत्येकी वर्षाला १,८८० तास, म्हणजे १५,०४० तास आणि १८,९५,०४० डॉलर.

आता रोकड बघा. त्याच टीमचा महिन्याचा नुसता पगार ८७,००० डॉलरच्या पुढे जातो. महिना संपल्यावर बिल, बिल बिनचूक असेल तर ३० दिवसांत पैसे, आणि पहिलं बिल हमखास कुठल्यातरी चुकीच्या क्रमांकामुळे परत येतं. अडीच महिन्यांचे पगार, म्हणजे २ लाख २० हजारांच्या आसपास, हाताशी किंवा बँकेच्या पतमर्यादेत असल्याशिवाय मुख्य कंत्राट घेऊ नका. कामं मिळवून बुडालेल्या कंपन्या असतात, त्या इथेच बुडतात.

दर पाडून काम मिळवायचा मोह आवरा. ठरलेला दर पर्यायी वर्षांमध्ये साधारण २ ते ३ टक्क्यांनीच चढवलेला असतो, तपासणी पूर्ण झालेल्या विकासकाचा बाजारभाव त्याहून भराभर चढतो.

हरलात तर

एफएआर या सरकारी खरेदी नियमावलीच्या भाग १५ खालची स्पर्धा असेल तर निकालाच्या सूचनेपासून ३ दिवसांत लेखी मागणी केल्यास सविस्तर खुलासा मिळण्याचा हक्क आहे. शेड्यूलवरच्या ऑर्डरला मात्र फक्त थोडक्यात कारणं मिळतात, आणि हा फरक जिवावर बेततो. काँग्रेसच्या जीएओ या लेखापरीक्षण कार्यालयाकडे तक्रार साधारणतः कारण कळल्यापासून १० दिवसांत करावी लागते, निविदेतच दोष असेल तर प्रस्तावाच्या मुदतीआधी. विजेत्याचं काम आपोआप थांबवायचं असेल तर तक्रार निकालापासून १० दिवसांत, किंवा हक्काच्या खुलाशासाठी दिलेल्या तारखेपासून ५ दिवसांत पोचावी लागते. शेड्यूलच्या ऑर्डरमध्ये ‘खुलासा मिळू दे, मग बघू’ म्हणत बसलेल्यांची मुदत निघून जाते. शेड्यूल सोडून अनेक कंपन्यांना दिलेल्या इतर चौकटींवरच्या ऑर्डरबद्दल १ कोटी डॉलरहून कमी रकमेत तक्रारीला सहसा जागाच नसते. जीएओ १०० दिवसांत निर्णय देतं.

तक्रारींची ताकद फ्लॅशच्या वेळी दिसली. छोट्या कंपन्यांसाठी राखीव, सुमारे १५० कोटी डॉलर मर्यादेची ही अ‍ॅजाइल सेवांची चौकट होमलँड सिक्युरिटी खात्याने आणली, निवडी झाल्या, तक्रारी आल्या, मूल्यमापनातल्या चुका पुढे आल्या आणि २०१७ मध्ये सगळीच रद्द झाली. जिंकलेल्यांचाही खर्च गेला. म्हणून एका निविदेवर वर्षभराची प्रस्तावाची रक्कम लावू नये.

जिंकलात तर पहिले ९० दिवस

आधीच्या कंत्राटदाराकडून काम घेताना कागदपत्रांची यादी मागण्यात वेळ घालवू नका. त्यांची माणसं अजून आहेत तोवर त्यांच्यासोबत बसून एकदा संपूर्ण आवृत्ती प्रसिद्ध करून घ्या आणि रात्री बिघाड झाला तर कोणाला उठवायचं ते लिहून ठेवा. जुन्या यंत्रणेतून नव्यात माहिती आणताना दोन्ही काही काळ समांतर चालवायच्या, रोज दोन्हीकडचे आकडे जुळवायचे: आज किती पावत्या, किती निकाल, किती कार्डं. फरक शून्य नसेल तर पुढचा गट हलवायचा नाही, मग कार्यक्रम व्यवस्थापक कितीही घाईत असो.

करारात बदल करण्याचा अधिकार एकट्या कंत्राट अधिकाऱ्याला असतो. रोज भेटणारा तांत्रिक प्रतिनिधी किंवा प्रॉडक्ट ओनर ‘एवढं जरा करून टाका’ म्हणतो. व्याप्तीबाहेरचं ते काम केलंत तर पैसे मिळण्याची खात्री नाही. नकार द्यायची गरज नसते. त्याच दिवशी कंत्राट अधिकाऱ्याला प्रत देऊन ‘आमच्या समजुतीप्रमाणे हे व्याप्तीबाहेर आहे, लेखी सूचना मिळताच सुरू करतो’ अशी दोन ओळींची ईमेल पुरते.

तासांवर चालणाऱ्या करारात आणखी एक घड्याळ असतं. येत्या ३० दिवसांत एकूण बिल कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांपुढे जाईल असं दिसलं, की कंत्राट अधिकाऱ्याला लेखी कळवणं बंधनकारक आहे. मर्यादेपुढच्या कामाचे पैसे सरकार देणं लागत नाही. हिशेबाच्या तक्त्यात हा इशारा ७० टक्क्यांवर लावा, कारण पैसे वाढवायची कागदपत्रं एका महिन्यात होत नाहीत.

वैयक्तिक माहिती फुटल्याची नुसती शंका आली तरी कळल्यापासून १ तासात, इतर सुरक्षा घटना ८ तासांत कळवायची, असं खात्याच्या २०२३ मधल्या कलमात आहे. एका तासात खात्री होत नाही, म्हणून खात्री करत बसायचं नाही. कळवायचा क्रमांक आणि कोण कळवणार हे टीमच्या भिंतीवर असावं, आणि त्या माणसाच्या रजेत दुसरा कोण, हेही.

वर्षातून एकदा सीपार्स या कंत्राटदारांच्या कामगिरीच्या सरकारी नोंदवहीत तुमची श्रेणी लिहिली जाते, ‘असमाधानकारक’पासून ‘अपवादात्मक’पर्यंत पाच पायऱ्यांची. पुढच्या प्रत्येक स्पर्धेत ती वाचली जाते. मूल्यमापन लिहिणाऱ्याकडे वर्षभराच्या नोंदी नसतात, म्हणून त्याला दर तिमाहीला एक पान द्या: कोणता फॉर्म, किती अर्ज चुकीविना निकालात निघाले, किती बिघाड, किती वेळात दुरुस्त. मसुदा आला की मत नोंदवायला १४ दिवस असतात, त्यानंतर तो तुमच्या मताविनाच इतर खात्यांना दिसू लागतो. ‘समाधानकारक’ ही श्रेणी ऐकायला बरी वाटते, पण स्पर्धेत तिचं वजन जेमतेम असतं, तेव्हा तीवर गप्प बसू नका, आकड्यांसह उत्तर लिहा.